बरणीतला तुकडा

ओव्हाळांच्या घरी नवीन माणूस आलं की चहाच्या आधी बरणी बाहेर निघायची.

एरवी ती शोकेसमध्ये, लेकीला, मैत्रीला, शाळेत मिळालेल्या कपांच्या शेजारी असे. काचेची, जाड बुडाची, एके काळी लोणच्याची. तिच्यात पिवळसर पेट्रोल, आणि त्यात बुडालेला बोटभर लांबीचा फायबरचा तुकडा. झाकणाभोवती मेणाचा जाड थर. भीमराव बरणी खिडकीच्या उजेडात धरत आणि हळूच हलवत. तुकडा काचेवर आपटून खणखण वाजे.

"ऐकलंत? सत्त्याण्णव सालापासून बुडालाय. वाजतोय कसा बघा, नव्या कपबशीसारखा."

मग तुकड्याची हकीकत सुरू होई. भीमराव विमान बांधत होते. दोन माणसं शेजारी शेजारी बसतील असं, खरंखुरं. खडकीच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी फायबरच्या कामात गेली होती. काचेच्या धाग्यांचं कापड साच्यावर अंथरायचं, त्यावर रेझिन चोपडायचं, पुन्हा कापड, पुन्हा रेझिन. वाळलं की हलकं आणि दगडासारखं कवच हाती येई. निवृत्ती जवळ आली तसे त्यांनी परदेशातून नकाशे मागवले आणि बोपोडीच्या पुलाजवळ पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली.

त्या विमानाला वेगळी टाकी नव्हती. पंखच आतून पोकळ, आणि ती पोकळी म्हणजेच टाकी. विमानाचं खास पेट्रोल घरी विमान बांधणाऱ्याला कुठलं मिळायला? इंजिन लहान होतं, पंपावरच्या साध्या पेट्रोलवर चालणारं. प्रश्न एवढाच होता, की ते पेट्रोल पंखाला आतून खाईल का? म्हणून त्याच कापडाचा, त्याच रेझिनचा एक तुकडा करून तो बरणीत टाकला होता.

मेण सरोजिनीबाईंनी लावलं होतं. महापालिकेच्या शाळेत त्यांनी हयातभर विज्ञान शिकवलं. पेट्रोल उडून जातं, ओल आत शिरते, मग प्रयोगाला काही अर्थ राहत नाही, असं म्हणून त्यांनी वाटीत वितळवलेलं मेण झाकणाभोवती फिरवलं आणि अंगठ्याने दाबून बसवलं. नवऱ्याच्या विमानाला आपला हात लागला तो एवढाच, असं त्या हसत सांगायच्या. पण घरात फडकं फिरवताना बरणी मात्र कुणाला पुसू द्यायच्या नाहीत.

हिंमतरावांना त्या बरणीची भारी गंमत वाटे. ते कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातले, भीमरावांच्या मागेपुढेच निवृत्त झालेले. आठवड्यातून एकदा कसब्यातून पीएमटीच्या बसने यायचे, वर्तमानपत्र काखेत घेऊन.

"आमच्याकडे शोकेसमध्ये बाहुल्या असतात, भीमराव. तुमच्याकडे पेट्रोल. पाहुण्याने विडी शिलगावली की विमानाआधी घरच उडायचं."

"तुम्ही विडी सोडलीत ना?"

"म्हणूनच येतो."

दोन हजार तीनचा जानेवारी असेल. हिंमतरावांनी चहा पिता पिता पेपर उलगडला आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "हे बघा नवीन. साखर कारखान्यांच्या मळीपासून स्पिरिट काढतात ना, ते म्हणे आता पेट्रोलात मिसळणार. म्हणजे आता स्कूटरसुद्धा पिणार! आमच्या गल्लीत मी एकटाच कोरडा राहिलो."

सगळे हसले. भीमराव हसले, सरोजिनीबाई हसल्या, कंपनीच्या बसची वाट बघत दारात उभी असलेली मैत्रीही हसली. दुसऱ्या दिवशी तो पेपर पोळ्यांच्या डब्यात तळाशी घातला गेला.

ते दिवसच तसे होते. जरा मान वळवावी तोवर काहीतरी नवीन आलेलं असायचं. हिंजवडीला पूर्वी हुरड्याला जायचे, तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. एसटीडीच्या पिवळ्या बूथवाल्याने मोबाइलची कव्हरं विकायला घेतली. दोन पिढ्यांपूर्वी ज्यांच्या आजोबांना गावात चांगलं धोतर नेसायची चोरी होती, त्यांच्या मुली गळ्यात ओळखपत्र अडकवून संगणकापुढे बसायला निघाल्या. या धांदलीत पेट्रोलात काय मिसळलं याकडे कोण बघतो? पेट्रोल म्हणजे पेट्रोल.

मैत्री कॉलेजात असताना हडपसरला ग्लायडर शिकली होती. नोकरी लागल्यावर पगारातून इंजिनाचं विमान शिकली. बापाने बांधायचं आणि लेकीने उडवायचं, हे तिने परस्पर ठरवूनच टाकलं होतं. त्या हिवाळ्यात विमान ट्रकवर घालून दौंडच्या पुढे नेलं. तिथे एका साखर कारखान्याची जुनी धावपट्टी होती आणि शेजारी पत्र्याचं गोदाम. उन्हाळा लागायच्या आत मैत्रीने दिल्लीच्या परवानगीचे सगळे कागद पुरे केले आणि त्या धावपट्टीवर विमान चार-पाच वेळा हातभर वर उचलून पुन्हा टेकवलं. इंजिन झकास चाललं. मग तिच्या कंपनीने तिला अमेरिकेला पाठवलं.

पावसाळ्याआधी भीमरावांनी दौंडच्या पंपावरून कॅन भरभरून आणले आणि पंख काठोकाठ भरले. टाकी रिकामी ठेवली तर आत दव धरतं, ही त्यांची पहिल्यापासूनची शिस्त.

त्याच पावसाळ्यात डोळ्यांचं निघालं. भीमराव दाराच्या चौकटीला खांदे आपटायला लागले, ताटातली कडेची चटणी त्यांना दिसेना. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, "कडेकडेने जात जात मध्यावर येतं. थेंब घालून थोपवू, पण गेलेलं परत येत नाही. वर्षभर धरा."

परतताना बोपोडीचा पूल आल्यावर भीमराव रिक्षा थांबवून उतरले आणि कठड्याला टेकून खालचं पाणी बघत राहिले.

सरोजिनीबाईंना कारण माहीत होतं. पुलाखालची ही नदी पुढे मुठेला मिळते, आणि दोघी मिळून पार दौंडच्या बाजूला भीमेला जाऊन मिळतात. त्या संगमावर भीमरावांचं गाव. आईबापांनी पोर काखेला मारून खडकी गाठली ती तिथूनच. बाप सांगायचा, पाणी हाकेच्या अंतरावर, पण घाटावर उतरायची आपल्याला मुभा नव्हती. कोणी वरून ओतलं तर प्यायचं. भीमरावांनी विमान कशासाठी बांधलं हे ते कुणाला सांगत नसत. बायकोला एकदाच सांगितलं होतं. "दोन्ही नद्या मला एकदम बघायच्यात. वरून. कुणाला न विचारता."

मैत्री डिसेंबरात सुट्टीवर येणार होती. ती आली की पुढच्या रविवारी बापाला शेजारी बसवून संगमावरून एक चक्कर मारायची, असं फोनवर ठरलं. वर्षभर, डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे हीच संधी.

ती यायच्या दोन-तीन आठवडे आधी नवरा-बायको दौंडच्या गाडीने धावपट्टीवर गेले. गळीत हंगाम सुरू होता. हवेत मळीचा आंबूस वास कोंडला होता. भीमरावांनी पंखाखालची बारीक तोटी उघडून काचेच्या पेल्यात पेट्रोल काढलं. पेला वर धरला, जवळ नेला, लांब नेला आणि मग बायकोपुढे केला.

"तळाशी पाणी साठलंय का बघ. मला कळत नाही."

पाणी नव्हतं. पण रंग कोऱ्या चहासारखा होता. सरोजिनीबाईंनी बोट बुडवून अंगठ्याला घासलं.

"अहो, रंग बदललाय याचा. आणि चिकटतंय."

"पावसाळाभर पडून होतं. जुनं पेट्रोल लालसर होतंच."

"चिकट पण होतं?"

"सरोज," भीमराव तोटी बंद करत म्हणाले, "बरणी काय सांगते?"

घरी आल्यावर सरोजिनीबाईंनी आधी बरणी काढली. हलवली. खणखण वाजली. जीव भांड्यात पडला. बरणी परत ठेवताना त्यांचं बोट मेणावरच्या एका खळग्यात बसलं. त्यांचाच अंगठा, त्या दिवशीचा. मेण कुठे तडकलं नव्हतं, सुटलं नव्हतं. इतकी वर्षं बाहेरचं काही आत गेलं नव्हतं.

त्या तशाच उभ्या राहिल्या. बाहेरचं काही आत गेलं नव्हतं. म्हणजे आत होतं ते सत्त्याण्णव सालचं पेट्रोल. ते पेट्रोल आता कोणत्या पंपावर मिळत होतं? हिंमतरावांचा पेपर त्यांना आठवला, आणि आपलं हसणंही.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडून मैत्रीच्या स्कूटीतलं पेट्रोल त्यांनी बाटलीत काढून आणलं. शिकवणीसाठी घेतलेलं मोजपात्र माळ्यावर होतं. त्यात खाली थोडं पाणी, वर पेट्रोल. झाकून हलवलं आणि ओट्यावर ठेवून दिलं. दोन्ही वेगळी झाली. पण पाण्याची रेघ होती तिथून वर चढली होती. स्पिरिट पाण्याकडे ओढलं जातं. हा प्रयोग त्यांनी शाळेत किती वर्गांना करून दाखवला असेल. तेव्हा मुली टाळ्या वाजवायच्या.

माळ्यावर जुन्या फायबरच्या कपच्यांचं गाठोडंही होतं. भीमराव काही फेकत नसत. त्यातला एक तुकडा त्यांनी उरलेल्या पेट्रोलात टाकला आणि जॅमची ती बाटली गॅलरीत केरसुणीमागे लपवली. रोज सकाळी चिमट्याने तुकडा काढायचा, नख दाबून बघायचं. पहिले काही दिवस नख घसरत राहिलं. मग एका सकाळी नखाचा पुसट ओरखडा उमटला. पुढे ओरखड्याची खाच झाली.

एव्हाना मैत्री आली होती. दोन बॅगा चॉकलेटं आणि विमानात कानाला लावायचे दोन नवे हेडफोन.

"आई, हे बाबांचे. वरती आम्ही दोघं बोलू शकणार. तू खालून हात कर."

"आणि मी काय बोलायचं वरती?" भीमराव म्हणाले.

"काही नाही. तुम्ही फक्त बघायचं. पायलटला सूचना नाही द्यायच्या, प्लीज!"

भीमराव पोटभर हसले. त्या हसण्यापायी सरोजिनीबाईंचा तो दिवस न सांगताच गेला. दुसऱ्या दिवशी भीमराव पांढऱ्या शर्टला इस्त्री करत बसले, कडा दिसत नव्हत्या म्हणून हाताने चाचपत. तोही दिवस गेला. रविवार दोन दिवसांवर आला. त्या सकाळी तुकडा चिमट्यात धरला तर मधोमध वाकला, ओल्या पुठ्ठ्यासारखा.

दुपारी मैत्री मैत्रिणीकडे गेल्यावर त्यांनी सुरीने बरणीचं मेण फोडलं. आतला तुकडा पुसला. दोन्ही तुकडे घेऊन त्या कॉटवर भीमरावांशेजारी बसल्या आणि एक त्यांच्या हातात ठेवला.

"हा कुठला?"

"बरणीतला."

"मेण फोडलंस?" त्यांचा आवाज चढला. "कोणाला विचारून?"

"हा बघा आता."

भीमरावांनी दुसरा तुकडा घेतला. बघितला नाही, बोटांत धरला. अंगठ्याचं नख लावलं. पुन्हा लावलं. "हा आपला नाही. कोणाचं हे कच्चं काम?"

"आपलाच. माळ्यावरच्या गाठोड्यातला. स्कूटीतल्या पेट्रोलात ठेवला होता." त्या थांबल्या. "त्यात स्पिरिट आहे, अहो. हिंमतरावांनी वाचलं होतं, ते."

भीमराव तुकडा कानाशी नेऊन टिचकी मारून बघत होते. वाजत नव्हता.

"मैत्रीला सांगितलंस?"

"आधी तुम्हाला."

भीमराव हळू आवाजात म्हणाले, "संगम तिथून जवळ आहे, सरोज. जाऊन येऊन अर्धा तास. इंजिन आजही चालतंय. आतलं काही सुटून आलंच, तरी मध्ये गाळायची जाळी आहे."

"जाळी तुंबली तर?"

"खाली सगळा ऊस. उसात उतरवता येतं."

"कोणी उतरवायचं?"

दोन्ही तुकडे भीमरावांनी एकमेकांवर ठेवले, कडा जुळवल्या, पुन्हा विस्कटल्या.

संध्याकाळी मैत्री आली ती बोलतच आली. भीमरावांनी तिला बसवलं. "रविवारचं रद्द. पंख उघडावा लागणार."

"काय? बाबा, माझी लीव्ह संपतेय! असं कसं... काय झालं काय?"

त्यांनी सगळं सांगितलं, मशीन दुरुस्तीला घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं. मैत्रीने तुकडा वाकवून बघितला. ती इंजिनाच्या मागे बसणार होती. तिला जास्त सांगावं लागलं नाही. "ठीक आहे," ती शेवटी म्हणाली, "पुढच्या वेळी येईन तेव्हा जाऊ."

पुढच्या वेळी. तिघांनीही ते ऐकलं आणि मैत्रीचे डोळे भरून आले.

ती परत गेल्यावर भीमरावांनी धावपट्टीवर जाऊन पंखाची वरची कातडी करवतीने कापली. आत हात घातला तर भिंती गुळासारख्या हाताला लागल्या. मग वर्षभर ते काम चाललं. पंखात बसेल अशी ॲल्युमिनिअमची टाकी हिंमतरावांनी कसब्यातल्या एका कारागिराकडून करवून आणली.

"टाकी पाहिजे, घंगाळ नको, असं त्याला दहादा बजावलंय," ते म्हणाले. मग त्यांची नजर शोकेसमधल्या बरणीच्या रिकाम्या जागेकडे गेली. त्या दिवशी पेपर त्यांनी उघडलाच नाही.

खरवडणं, घासणं, नवीन कापड चढवणं भीमरावांनी स्वतः केलं. आधी डोळे बारीक करून, मग नळीतून बघावं तसं, शेवटी नुसत्या हातांनी. कातडी पुन्हा बसवली तेव्हा सांधा कुठे आहे ते पाहणाऱ्याला सापडत नव्हतं. त्यांना तर विमानच दिसत नव्हतं. खिडकी कुठे आहे तेवढं उजेडावरून कळे.

पुढच्या डिसेंबरात मैत्री आली. दोन दिवस तिने एकटीने विमान वर नेऊन तपासलं. तिसऱ्या दिवशी सगळे धावपट्टीवर जमले. मळीचा वास तोच. मैत्रीने बापाचा हात धरला.

"चला बाबा. मी सांगेन तुम्हाला वरती, सगळं."

"काळोखात बसून इंजिन ऐकायला वर कशाला जायचं? ते इथूनही ऐकू येतं." भीमराव बायकोच्या दिशेने वळले. "सरोज, तू जा. नीट बघून ये. आणि मला सांग."

"मी? अहो, मला जत्रेतल्या पाळण्यात चक्कर येते."

"तू बघितलेलं मला चालतं," ते म्हणाले. सरोजिनीबाई पदर खोचून आत बसल्या.

जमीन सुटली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर, गुडघ्याच्या अंगाला, टाकीकडून इंजिनाकडे जाणारी पारदर्शक नळी होती. तिच्यातून पेट्रोल चाललं होतं. एक बारीक बुडबुडा आला आणि गेला. त्या वाकल्या. रंग तर नाही? गाळ तर नाही? पुन्हा एक बुडबुडा. कानात मैत्री ओरडत होती, "आई, बघ, ती भीमा! ती आपली नदी! आई, डावीकडे, बघ ना!" विमान एका अंगाला कलंडलं, पेट्रोल नळीत डचमळलं आणि सरोजिनीबाईंनी दोन्ही हातांनी सीटची कड घट्ट धरली. "हो हो," त्या म्हणाल्या. "बघतेय." नळीवरून त्यांची नजर हलली नाही. विमान टेकून, धावून, थांबेपर्यंत हलली नाही.

इंजिन बंद झालं. भीमराव हिंमतरावांच्या खांद्यावर हात ठेवून पुढे आले. तोंड थोडं भलतीकडेच होतं.

"दिसल्या?"

"दिसल्या."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मिळाल्यावर पाणी लगेच एक होतं, का काही वेळ वेगवेगळं दिसतं?"

सरोजिनीबाईंच्या डोळ्यांपुढे मोजपात्र आलं. "काही वेळ वेगळं दिसतं," त्या म्हणाल्या.

"आणि गाव? कोणत्या काठाला?"

त्यांनी मैत्रीकडे पाहिलं. मैत्री कानावरचं काढून त्याची वायर गुंडाळत होती, मान खाली घालून. ऊस वाहणारा एक ट्रॅक्टर लांबून गाणी वाजवत गेला. भीमराव उत्तराची वाट बघत उभे होते. मग त्यांचा चेहरा सैल पडला.

"नळी बघत बसलीस," ते म्हणाले.

सरोजिनीबाईंनी खोचलेला पदर सोडला.

"कशी होती?"

"स्वच्छ होती," त्या म्हणाल्या. "अगदी स्वच्छ, अहो."

भीमरावांनी मान हलवली. हात पुढे करून त्यांनी पंख शोधला आणि तळवा टेकवून, कापून पुन्हा जोडलेल्या त्या सांध्यावरून ते टोकापर्यंत चालत गेले. टोक संपल्यावरही हात काही वेळ तसाच हवेत राहिला.